शिकंदराचा बाप

शिकंदराचे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. पण त्याचा बाप फिलिप याच्याविषयी विचारले, तर चांगला शिकलेला गृहस्थही क्षणभर घुटमळतो. मला हे नेहमी खटकत आले आहे.

फिलिपचा जन्म इ. स. पूर्व ३८२ चा. मॅसिडोनियाच्या राजघराण्यातला तो धाकटा मुलगा. कोवळ्या वयात त्याला ओलीस म्हणून थीब्ज नगरीत राहावे लागले. थीब्जची फौज त्या वेळी ग्रीसमध्ये सर्वांत बलाढ्य होती. या ओलिसाने तेथे डोळे उघडे ठेवले.

इ. स. पूर्व ३५९ मध्ये त्याचा थोरला भाऊ, राजा पर्डिकस, इलिरियनांशी लढताना चार हजार सैनिकांसह पडला. राज्याला चोहोबाजूंनी शत्रूंनी घेरले होते. फिलिपने कुणाला पैसा देऊन, कुणाला गोड बोलून थोपविले आणि मिळालेल्या उसंतीत फौज नव्याने उभी केली. साध्या पायदळाच्या हाती पंधरा-अठरा फुटी भाला दिला, सामानाच्या गाड्या बंद करून ओझे शिपायांच्या पाठीवर चढविले आणि कवायतीत खंड पडू दिला नाही. पुढच्याच वर्षी इलिरियनांचा पुरता मोड झाला.

इ. स. पूर्व ३५६ मध्ये त्याने क्रेनिडीज घेतले व त्याला फिलिपी हे नाव दिले. जवळच्या सोन्याच्या खाणींतून वर्षाला हजारावर टॅलेंट येऊ लागले. मेथोनीच्या वेढ्यात त्याचा एक डोळा गेला, तरी स्वारी थांबली नाही.

त्याला मी साधुपुरुष म्हणत नाही. इ. स. पूर्व ३४८ मध्ये त्याने ऑलिंथस नगर उद्ध्वस्त केले आणि रहिवाशांना गुलाम म्हणून विकले. अथेन्समध्ये डेमॉस्थेनीस त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षे गर्जत राहिला, तो उगीच नव्हे. पण इ. स. पूर्व ३३८ मध्ये केरोनियाला विजय मिळाल्यावर याच फिलिपने अथेन्सचे कैदी खंडणी न घेता सोडले. त्या लढाईत अठरा वर्षांचा शिकंदरही होता.

इराणवरील मोहिमेची आघाडी रवाना झाली होती. इ. स. पूर्व ३३६ मध्ये मुलीच्या लग्नसमारंभात, ईगी येथील नाट्यगृहात, पॉसेनियस नावाच्या अंगरक्षकानेच त्याला भोसकले. दोन वर्षांनी शिकंदर आशियात उतरला तो बापाची फौज, बापाचे सरदार आणि बापाचाच बेत घेऊन.

१९७७ साली व्हर्जिना येथे सोन्याच्या पेटीसह एक राजसमाधी सापडली. ती फिलिपचीच काय, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. आपल्या जुन्या घराण्यांतही नाव गाजविणारा सर्वांच्या तोंडी असतो. ज्याने जमवाजमव केली, तो वंशावळीत एका ओळीपुरता उरतो. ती ओळ एकदा थांबून वाचावी, एवढेच माझे म्हणणे.