मीटरचा काटा आणि भास्कराचार्य

अंतरवाली सराटीहून बाइक काढलीत, वडीगोद्रीजवळ धुळे-सोलापूर महामार्गाला लागलात. काटा पंचेचाळीसवर आहे, म्हणजे गाडी पंचेचाळीसनेच चाललीय, असंच तुम्ही धरून चालता. पण मीटरला रस्ता कुठे दिसतो? ते नुसते चाकाचे फेरे मोजतं. टायर मूळ मापापेक्षा मोठा बसवला की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते आणि काटा वेग कमी सांगतो. धोका इथेच आहे. वळणावर किंवा ब्रेक मारताना कामाला येतो तो खरा वेग, काट्यावरचा नाही.

या भानगडीत तुमच्या मदतीला येईल असा एक माणूस नऊशे वर्षांपूर्वी होऊन गेला. भास्कराचार्य.

जन्म १११४ चा. गाव सह्याद्रीच्या कुशीतलं. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहून पूर्ण केला. त्याचे भाग चार : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली लीलावती तेवढी ऐकून ठाऊक असते.

पण ग्रहगणितातली एक गोष्ट बघा. चंद्र रोज सारख्या वेगाने चालत नाही. दिवसभराची सरासरी गती धरून तिथी कधी संपते ते काढलं, तर चूक होते. म्हणून भास्कराचार्यांनी त्या क्षणाची गती वेगळी काढायला सांगितलं. तिला नाव दिलं तात्कालिक गती. तुमच्या मीटरचा काटा तरी दुसरं काय दाखवतो? या क्षणाचा वेगच की!

गोलाध्यायात त्यांनी आकाश मोजायच्या यंत्रांची माहिती दिली. फलकयंत्र तर स्वतः रचलं. पण एवढं सगळं सांगून झाल्यावर सर्वांत मोठा मान दिला तो बुद्धीला. हातात साधी काठी असली आणि तिच्या टोकावरून नीट नजर लावता आली, तर हुशार माणसाला आणखी यंत्रं कशाला हवीत, असा त्यांचा रोख होता. यंत्र वापरा, पण डोकं गहाण टाकू नका.

मग करून बघा. रस्ता मोकळा असू द्या, मागे मित्राला बसवा. घड्याळ त्याने बघायचं, तुम्ही फक्त रस्ता. काटा पंचेचाळीसवर स्थिर ठेवा आणि किलोमीटरच्या दगडांवरून पाच किलोमीटर मोजा. मीटरवरचे किलोमीटर धरू नका, ती मोजणीही त्याच चाकावरची. समजा, सहा मिनिटं लागली. म्हणजे खरा वेग ताशी ५०. आता लीलावतीतलं त्रैराशिक लावा : ४५ ला ५०, तर ५४ ला किती? ६०.

हिशेब कळला, पण दुरुस्ती बाकी आहे. टायरचं माप आणि हवा तपासा. चाकाजवळचा मीटरचा गिअर तुमच्याच मॉडेलचा आहे ना, ते मेकॅनिककडून बघून घ्या. काटा थरथरत असेल तर केबल बघा. तिथे त्रैराशिक चालत नाही, कारण ती चूक दर वेळी वेगळी असते.

भास्कराचार्य थांबले नाहीत. ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. आकाशाचं गणित लोकांना सोप्या रीतीने करता यावं, एवढ्यासाठी. त्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या यादवांचा राजज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. तिथला शिलालेख आजही ते सांगतो. देवगिरी म्हणजे आपलं दौलताबाद, तुमच्या जालन्याच्या शेजारचंच. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने लीलावती फारसीत नेली.

एवढ्या लांब गेलेलं गणित तुमच्या हँडलपर्यंतही पोचू द्या. येत्या रविवारी पाच किलोमीटर मोजाच. काटा खोटं बोलत असेल, तर ते अपघाताच्या आधी कळलेलं बरं.