हक्सले, मार्श आणि घोड्याचे दात

नेसरीच्या खिंडीत १६७४ मध्ये प्रतापराव गुजरांचे घोडे दौडले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण घोडा मुळात उत्क्रांत झाला कुठे? थॉमस हक्सले (१८२५-१८९५) सांगायचे, युरोपात. शाळा जेमतेम दोन वर्षं शिकलेले हक्सले म्हणजे डार्विनचे खंदे पाठीराखे. त्यांचा शब्द कोण मोडणार? १८७६ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात मार्श यांनी त्यांच्यासमोर घोड्यांचे जीवाश्म मांडले. जुन्या, कोल्ह्याएवढ्या घोड्यांचे दात बुटके, पाल्यापुरते. पुढच्यांचे उंच, इनॅमलच्या घड्या पडलेले. गवत दात झिजवतं ना! उंच दात जास्त वर्षं पुरतो. शिवाय इनॅमल कठीण, आतला भाग मऊ. झीज कमी-जास्त होते आणि टाकी लावलेल्या जात्यासारखा दात खरखरीत राहतो. न्यूयॉर्कची व्याख्यानं महिन्यावर आली होती. हक्सलेंनी मत बदललं, आणि व्याख्यानही नव्यानं लिहिलं.