गटारांसाठी झटणारा डॉक्टर

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशिया सरकारने बर्लिनच्या एका २६ वर्षांच्या डॉक्टरला अप्पर सायलेशियात पाठवले. तेथे टायफसची साथ होती. हा ताप टायफॉइडहून वेगळा. तो उवांमुळे पसरतो, पण हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टरांचे नाव रुडॉल्फ फिरखो.

तीन आठवड्यांत त्यांनी पाहिले ते असे: खराब हवामानाने पिके बुडालेली, एका खोलीत दाटीने राहणारी उपाशी कुटुंबे, पोलिश बोलणारे शेतकरी आणि त्यांची भाषा न समजणारे जर्मन अधिकारी. अहवाल औषधपाण्यापुरता ठेवता आला असता. फिरखोंनी तो तसा ठेवला नाही. हवामान कोणाच्या हातात नसते. पण एका वाईट हंगामात माणसे मरणार की तगणार, हे राज्यकारभारावर ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून त्यांनी मातृभाषेतील शिक्षण, गरिबांवरील कराचा बोजा कमी करणे, रस्ते, शेतीसुधारणा आणि लोकशाही हे उपाय सुचवले.

परतल्यावर ते मार्चच्या क्रांतीत बॅरिकेडवर उभे राहिले. १८४९ मध्ये त्यांना शारिटे रुग्णालयातील पद गमवावे लागले. मग वुर्झबर्गच्या विद्यापीठात त्यांनी पेशींवर काम केले आणि १८५६ मध्ये ते बर्लिनला परतले. १८५८ मध्ये त्यांचा पेशीविकृतिशास्त्रावरील ग्रंथ आला. आजार पेशींत सुरू होतो, हा आजच्या वैद्यकाचा पाया त्यातूनच घातला गेला.

१८५९ मध्ये ते नगरसेवक झाले. बर्लिन वेगाने वाढत होते आणि मैलापाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून श्प्रे नदीत जात होते. उपाय काय, यावर एकमत नव्हते. नळांतून सगळे थेट नदीत सोडावे, अशी एक योजना होती. मैला गाड्यांनी वाहून शेतकऱ्यांना खत म्हणून द्यावा, असे दुसरा पक्ष म्हणे. घरमालकांना खर्चाची धास्ती होती.

पालिकेच्या चौकशी समितीचे काम फिरखोंनी हाती घेतले. मृत्यूच्या नोंदी, जमीन, भूजल, खर्च असे सगळे तपासले गेले. अभियंता जेम्स होब्रेख्ट यांनी शहराचे १२ विभाग पाडले. प्रत्येक विभागाचे सांडपाणी पंपाने शहराबाहेरच्या जमिनीवर न्यायचे आणि त्यावर शेती करायची. नदी वाचली, खतही मिळाले. १८७३ मध्ये पालिकेने योजना मंजूर केली. पुढे शहरातील टायफॉइड बराच घटला.

संसदेत याच फिरखोंनी बिस्मार्कशी इतका कडवा विरोध धरला, की १८६५ मध्ये बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. ते त्यांनी नाकारले. पालिकेत मात्र अभियंते, खजिनदार, घरमालक सगळ्यांना घेऊन चालण्याची चिकाटी त्यांच्याकडे होती.

ते चुकलेही. झेमेलवाइस यांचे हात धुण्याचे म्हणणे त्यांनी मानले नाही. आजाराचे कारण म्हणून जंतूंना मिळणाऱ्या महत्त्वाबद्दलही ते दीर्घकाळ साशंक राहिले. तरी त्यांची गटारे जंतूंना अडवतच होती.

५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते नगरसेवक होते. आजही अतिवृष्टीनंतर लेप्टोस्पायरोसिस वाढला की बोट आरोग्य खात्याकडे जाते. पाणी कोठे तुंबले आणि का, याचे उत्तर मात्र बहुधा दुसऱ्याच खात्याच्या फायलीत असते.