अदोनीराम जडसन यांचे फ्रान्समधील दिवस

ब्रह्मदेशात सुवार्ता नेणारे आणि बर्मी भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवणारे मिशनरी म्हणून अदोनीराम जडसन यांचे नाव आपल्या मंडळ्यांतून आदराने घेतले जाते. त्यांचे चरित्र सांगणारे बहुधा रंगूनच्या बंदरावर पोहोचण्याची घाई करतात. त्याआधी दोन वर्षे, म्हणजे १८११ साली, बावीस वर्षांचा हा तरुण फ्रान्समध्ये अडकून पडला होता, ही हकिकत दोन-चार ओळींत आटोपली जाते. जडसन यांना स्वतःला मात्र ती किरकोळ वाटत नसे. त्या मुक्कामावाचून आपली तयारी अपुरी राहिली असती, असे ते उत्तरायुष्यात मानीत.

९ ऑगस्ट १७८८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात मॉल्डन या गावी त्यांचा जन्म झाला. वडील पाळक होते. मुलगा असामान्य बुद्धीचा होता आणि त्याने मोठे नाव काढावे ही वडिलांची इच्छा त्याच्याही मनात पुरती भिनली होती. १८०७ साली त्यांनी महाविद्यालयाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेतली; पण तोवर त्यांचा विश्वास नाहीसा झाला होता. जेकब ईम्स नावाच्या एका हुशार मित्राच्या सहवासात, देव असला तरी तो माणसांशी बोलत नाही आणि शास्त्र हे केवळ मानवी लिखाण आहे, हे मत त्यांनी पत्करले. हे वारे त्या काळी फ्रान्समधून अमेरिकेच्या महाविद्यालयांत शिरले होते आणि तसे बोलणे ही तरुणांत प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती. पुढे प्रवासात एका खाणावळीत मुक्काम असताना शेजारच्या खोलीत कोणी आजारी माणूस रात्रभर कण्हत होता. सकाळी तो मरण पावल्याचे कळले, आणि तो ईम्सच होता हेही कळले. जडसन घरी परतले, ॲन्डोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि तेथे त्यांनी आपले जीवन प्रभूच्या स्वाधीन केले.

बोस्टनमधील एका मोठ्या मंडळीत साहाय्यक पाळकाची जागा त्यांच्यासाठी तयार होती. मुलगा घराजवळ राहणार म्हणून आईला आनंद झाला. त्यांनी मात्र ती जागा नाकारून परदेशी सेवेचा निर्णय सांगितला. १८१० साली त्यांच्यासारख्या काही विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून अमेरिकन मिशन बोर्ड स्थापन झाले. पण हाती पैसा नव्हता आणि अनुभवही नव्हता. तेव्हा लंडन मिशनरी सोसायटी या कामात भागीदार होईल काय, हे विचारण्यासाठी बोर्डाने जडसन यांना इंग्लंडला पाठवले. जानेवारी १८११ मध्ये ते बोस्टनहून ‘पॅकेट’ नावाच्या इंग्लिश जहाजाने निघाले.

इंग्लंड आणि नेपोलियनचा फ्रान्स यांचे युद्ध चालू होते. शत्रूची जहाजे पकडण्याचा सरकारी परवाना घेतलेल्या एका फ्रेंच जहाजाने ‘पॅकेट’ ताब्यात घेतले. बरोबरच्या दोन स्पॅनिश प्रवाशांना फ्रेंच येत होते. त्यांना बरी जागा मिळाली. जडसन यांना ती भाषा येत नव्हती, म्हणून त्यांची रवानगी खलाशांबरोबर जहाजाच्या तळाशी झाली. तेथे अंधार, दुर्गंधी आणि भरीस समुद्र लागल्याने आलेले आजारपण. जहाजाचा डॉक्टर पाहून जाई. पण बोलणार कोण आणि कसे? अशा स्थितीत त्यांना बोस्टनच्या त्या मोठ्या चर्चची आठवण झाली. घर आठवले, आईवडील आठवले. आपण जे नाकारले ते किती सुखाचे होते, हा विचार मनात आला आणि लगेच ते सावध झाले. आपले मन मागे वळत आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी प्रार्थना केली, चाचपडत आपले इब्री पवित्र शास्त्र शोधून काढले आणि त्या अंधूक उजेडात ते इब्री वचने मनातल्या मनात लॅटिनमध्ये उतरवू लागले.

भाषांतराच्या मेजावर बरीच वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. दुःखी माणसाने शास्त्र वाचले, तर डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि मन भलतीकडेच जाते. भाषांतरात ती सोय नसते. हे क्रियापद कोणत्या काळातले, हा शब्द कोणाला उद्देशून आला, हे ठरवल्यावाचून पुढचा शब्द मिळत नाही. मनाला वचनाशी बांधून ठेवण्याचा याहून कडक उपाय मला तरी ठाऊक नाही.

त्या डॉक्टरला उशाशी पडलेला ग्रंथ दिसला. त्याने तो उजेडात नेऊन पाहिला आणि परत येऊन या रुग्णाशी लॅटिनमध्ये बोलायला सुरुवात केली. रुग्ण कोण आहे हे कळताच त्यांना वर जागा मिळाली आणि कप्तानाच्या मेजावर जेवणही मिळू लागले. पण कैद संपली नव्हती. जहाज स्पेनच्या किनाऱ्याला लागले आणि तेथून कैद्यांना फ्रान्सच्या हद्दीतील बेयॉन या शहरी नेण्यात आले.

बेयॉन हे अदूर आणि नीव या नद्यांच्या संगमावरचे, स्पेनच्या सीमेजवळचे तटबंदीचे शहर. स्पेनमध्ये लढणाऱ्या फ्रेंच सैन्याची रसद येथून जात असे. या शहराचे पहिले दर्शन जडसन यांना कैद्यांच्या रांगेतून चालताना झाले. आपल्यावर अन्याय होत आहे, असे ते रस्त्याने इंग्रजीत मोठ्याने ओरडत चालले. लोक पाहत होते, काही हसत होते. समजत कोणालाच नव्हते. अखेर गर्दीतील एका अनोळखी माणसाने त्यांना हळू आवाजात गप्प राहण्यास सुचवले. तो फिलाडेल्फियाचा राहणारा होता. जडसन यांनी थोडक्यात आपली हकिकत सांगितली आणि त्या माणसाने मदत करण्याचे वचन दिले.

तुरुंग जमिनीखाली होता. मध्ये एक मिणमिणता दिवा, कडेला पेंढा आणि कोंदट हवा. जडसन एका खांबाला टेकून उभेच राहिले. संध्याकाळी तो अमेरिकन मोठा लष्करी झगा पांघरून आला. ओळखीचे कोणी आहे का ते पाहतो, असे दाखवून त्याने दिवा हाती घेतला आणि फिरवला. तो धिप्पाड होता. जडसन अंगाने अगदी लहान. दिवा जागेवर ठेवताना त्याने त्यांना झग्याआड घेतले, पहारेकऱ्यांच्या हातात पैसे सरकवले आणि दोघे बाहेर पडले. बाहेर येताच धावत सुटण्याचा इशारा मिळाला व दोघेही बंदराकडे धावले. काही दिवस लपून काढल्यावर जडसन यांची रीतसर सुटका झाली, आणि ते एका अमेरिकन बाईच्या घरी भाड्याने राहू लागले.

बेयॉनमध्ये त्यांचे सुमारे सहा आठवडे गेले. दुसरा कोणी हे दिवस कुढत घालवता. जडसन यांनी मात्र फ्रेंच समाज खरोखर कसा आहे हे जवळून पाहण्याचे ठरवले. आपण धर्मसेवक आहोत हे त्यांनी घरमालकिणीला सांगितले, तिच्याशी धर्मविषयक दीर्घ संभाषणेही केली. इतरांपासून मात्र ते लपवले, कारण तसे कळले असते तर लोक त्यांच्यासमोर मोकळे झाले नसते. सोबत्यांबरोबर ते करमणुकीच्या जागी जात, आणि भाषा व रीतिरिवाज ठाऊक नाहीत ही सबब सांगून केवळ पाहत राहत. प्रश्नांना आडवळणाची उत्तरे देत. हे सारे मला पुरते रुचते असे नाही. पण त्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. ज्या मतांनी एकेकाळी त्यांचा विश्वास हिरावून घेतला, त्या मतांचे हे माहेर होते. महाविद्यालयात ती चतुर वाक्यांच्या रूपाने भेटली होती. येथे ती माणसांच्या दैनंदिन जीवनात पाहायला मिळत होती.

या फिरण्याचा शेवट ठरवून झाला नाही. मुखवटे घालून चाललेल्या एका नाचाच्या समारंभात त्यांना राहवले नाही. जवळ उभ्या असलेल्या दोघातिघांशी ते इंग्रजीत बोलू लागले आणि बोलता बोलता आवाज चढला. नरकातही याहून अधिक भ्रष्टता पाहायला मिळणार नाही, अशा आशयाचे ते बोलले. त्या काळच्या तत्त्वज्ञानाच्या बढाईची त्यांनी हजेरी घेतली आणि त्याचे फ्रान्सवर काय परिणाम झाले ते मांडले. भोवती मोठे कडे जमले. काहींना इंग्रजी समजत होते, आणि लोकांनी ते आदराने ऐकून घेतले. अजून दीक्षाही न झालेल्या या तरुणाचे परदेशातील बोलणे असे मुखवट्यांच्या मेळाव्यात झाले.

पुढे नेपोलियनच्या परिवारातील काही अधिकाऱ्यांशी ओळख होऊन त्यांच्याबरोबर बादशाही गाडीतून ते पॅरिसला गेले. त्याच वर्षी २० मार्चला नेपोलियनला पुत्र झाला होता आणि त्याची सत्ता शिखरावर होती. पॅरिसमध्येही त्यांनी बेयॉनचाच क्रम ठेवला. मग प्रवासाचा परवाना मिळवून मे महिन्यात ते लंडनला पोहोचले. तेथील एका उपासनेत त्यांनी गीत वाचून दाखवले, तेव्हा एवढ्याशा देहातून निघालेला खणखणीत आवाज ऐकून मंडळी थक्क झाली. आवाजाच्या प्रमाणात विश्वास असेल तर हा तरुण हिंदुस्थानातून सैतानाला पळवून लावील, असे तेथील पाळक गमतीने म्हणाल्याचे सांगतात.

ज्या कामासाठी ते निघाले ते मात्र झाले नाही. एका मिशनवर दोन संस्थांचा कारभार चालणे कठीण, असे लंडनकरांचे मत पडले. या तरुणांना आपले मिशनरी म्हणून घेण्यास ते तयार होते, संयुक्त कामास नव्हते. जडसन ऑगस्टमध्ये परतले आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकन बोर्डाने स्वतःच्या बळावर माणसे पाठवण्याचे ठरवले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यांतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. हॉल आपल्याच मातीत, १८२६ साली नाशिककडील दौऱ्यात पटकीने मरण पावले, आणि त्याच वर्षी त्या मिशनने मराठी नवा करार छापून प्रसिद्ध केला. लंडनने होकार दिला असता तर हे कसे घडले असते, कोण जाणे.

जडसन कलकत्त्यास आले. कंपनी सरकारने त्यांना राहू दिले नाही, आणि जुलै १८१३ मध्ये पत्नी ॲन हिच्यासह ते रंगूनला पोहोचले. १८२४ साली इंग्रजांशी युद्ध सुरू होताच आवा येथे त्यांना अटक झाली. पुन्हा अंधारी कोठडी, पुन्हा पेंढा. पण या वेळी झगा घेऊन कोणी आले नाही. ही कैद सुमारे दीड वर्ष चालली. बर्मी नव्या कराराचे हस्तलिखित ॲनने एका कडक, ओबडधोबड उशीत शिवून त्यांच्याकडे पोहोचवले होते. अशी उशी कोणी चोरणार नाही हा हिशेब. दुसऱ्या तुरुंगात हलवताना शिपायांनी उशीवरची चटई काढून घेतली आणि आतला कापसाचा गोळा फेकून दिला. माउंग इंग नावाच्या शिष्याने गुरूची आठवण म्हणून तो घरी नेऊन ठेवला. काही महिन्यांनी तो उकलला, तेव्हा आतली पाने जशीच्या तशी होती. ३१ जानेवारी १८३४ रोजी जुन्या करारासह संपूर्ण भाषांतर हातावेगळे झाले. त्याचे मूळ इब्री वाचन करणारे डोळे तेच होते, ज्यांनी तेवीस वर्षांपूर्वी जहाजाच्या तळाशी त्या अंधूक उजेडात ती अक्षरे शोधली होती.