कॅरिअर आणि आमचा गळका एसी

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी आणि तुम्ही सांभाळून घ्या!

गेल्या मे महिन्यात आमच्या घरचा एसी गळायला लागला. थेट आजीच्या पलंगावर टपटप पाणी. मी मेकॅनिकलला, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गॅस संपला असणार, असं मी ऐटीत सांगून टाकलं. आईने साठवलेल्या पैशांतून गॅस भरला. दोन दिवसांनी पुन्हा टपटप! शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने फिल्टर धुतला, तुंबलेला ड्रेन पाइप मोकळा केला आणि पाणी थांबलं. आई काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. हॉस्टेलला परतल्यावर मी एसीच्या जन्मदात्याची माहिती वाचून काढली.

विलिस कॅरिअरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा. न्यूयॉर्क राज्यातलं अँगोला गाव, शेतकरी घर. लहानपणी अपूर्णांक डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने सफरचंदं कापून अर्धा-पाव शिकवलं. तो अकरा वर्षांचा असताना ती वारली. पुढे कामं करत तो कॉर्नेल विद्यापीठात शिकला आणि १९०१ साली इंजिनिअर होऊन बफेलो फोर्ज कंपनीत लागला.

दुसऱ्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याचं गाऱ्हाणं त्याच्याकडे आलं. दमट हवेने कागद फुगायचा, कोरड्या हवेने आकसायचा, त्यामुळे रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. पंचविशीतल्या या पोराने जुलै १९०२ मध्ये गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढायचं यंत्र आखलं. माणसांना गारवा द्यायचा, हा हेतूच नव्हता! त्याच वर्षी पिट्सबर्ग स्टेशनवर गाडीची वाट पाहताना समोरचं धुकं बघून त्याला सुचलं, की पूर्ण ओल्या हवेचं तापमान आपण ठरवलं, की तिच्यातलं पाणीही ठरतं. म्हणजे गार पाण्याचा फवारा मारून हवा कोरडी करायची! त्याचं पेटंट १९०६ मध्ये मिळालं. १९११ मध्ये त्याने सायक्रोमेट्रीची सूत्रं मांडली. ज्या चार्टला आपण परीक्षेच्या आदल्या रात्री शिव्या घालतो, त्यामागे हाच पठ्ठ्या.

१९१४ साली कंपनीने त्याचा विभाग बंद करायचं ठरवलं. हा डगमगला नाही. १९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांना घेऊन स्वतःची कंपनी काढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचं रिव्होली थिएटर गार केलं आणि लोक उन्हाळ्यात सिनेमाला गर्दी करू लागले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी तो गेला.

हे वाचून माझी ट्यूब पेटली. एसी मुळात हवेतलं पाणी काढायला जन्मला, म्हणजे कॉइलवर पाणी साचणारच. फिल्टर धुळीने चोंदला की कॉइलवर हवा कमी पोचते, बर्फ धरतो आणि तो वितळला की घरात पाणी. ड्रेनमध्ये शेवाळ साचलं तरी तेच. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, ते आधी शोधायचं. आणि त्याच्याही आधी फिल्टर उघडून बघायचा, त्याला एक पैसा लागत नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला सफरचंदांची गोष्ट सांगितली. मग स्टुलावर चढून फिल्टर धुतला. आई खाली स्टूल धरून उभी होती.