लँकेशायरचा शिष्य आणि भिवंडीचा माग

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत नाही अशी गल्ली पूर्वी शोधूनही सापडत नसे. आता मात्र अशा निःशब्द गल्ल्या वाढू लागल्या आहेत. जुने साधे माग मोडून भंगारात विकले जात आहेत. त्यांच्या जागी कोठे धोटाविरहित वेगवान माग येत आहेत, तर कोठे कारखानाच पाडून गोदाम उभे राहत आहे. भंगारात जाणाऱ्या ह्या मागाचे कूळ शोधू लागल्यास वाट मुंबईच्या गिरणगावातून निघून थेट इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात पोहोचते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याचे इंग्लंडशी जे आर्थिक आणि सांस्कृतिक नाते जुळले, त्याचा हा माग म्हणजे एक लोखंडी अवशेषच होय. ते नाते कसे होते आणि कसे असावयास हवे होते, हे समजून घ्यावयाचे असेल तर जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या चरित्राइतके बोधप्रद दुसरे चरित्र नाही. पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था यांच्या संदर्भात त्यांचे नाव शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु त्यांचा मूळ धंदा सुताचा होता, ह्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही.

युरोपियनांकडून कसब घेण्याचा प्रसंग ह्या भूमीला नवीन नव्हता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी येथील खाडीत जहाजे बांधावयास घेतली आणि त्या कामी पोर्तुगीज कारागीर लावले. पुढे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या चिथावणीने ते कारागीर काम सोडून गेले. पण आरमार थांबले नाही. कसब घ्यावे, परंतु ते देणाऱ्याच्या मर्जीवर आपला धंदा टांगता ठेवू नये, हा धडा ह्याच खाडीच्या काठी एकदा गिरवला गेला होता.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीस एका पारशी धर्मोपदेशकांच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी यांनी पिढीजात पौरोहित्य सोडून मुंबईत पेढी घातली आणि मुलास एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. इंग्रजी ग्रंथांची जी गोडी जमशेटजींस तेथे लागली ती आयुष्यभर टिकली. १८५९ मध्ये ते पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला गेले. त्या काळी मुंबईहून चीनला कापूस आणि अफू जाई, तिकडून चहा आणि रेशीम येई. मुंबईच्या अनेक श्रीमंत घराण्यांचा पाया ह्याच व्यापारात घातला गेला, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही.

इतक्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि एरवी आखूड धाग्याचा म्हणून हिणवला जाणारा आपला कापूस सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, नाना कंपन्या निघाल्या, भागभांडवलाचा जुगार माजला. टाटांच्या पेढीनेही कापसाच्या व्यवहारात हात घातला आणि जमशेटजी लंडनला गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांच्या हातातील कागदांस रद्दीची किंमत आली. परक्या शहरात, पंचविशीतल्या ह्या तरुणाने सावकारांपासून तोंड लपविले नाही. त्याने खरी स्थिती त्यांच्यापुढे मांडली. आणि सावकारांचा त्याच्यावर इतका विश्वास बसला की, पेढीचा व्यवहार निस्तरण्याचे काम त्यांनी त्याच्याकडेच सोपविले. पुढे १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या स्वारीत इंग्रजी फौजेला माल पुरविण्याच्या मक्त्यात नसरवानजींचा भाग होता. त्या नफ्याने घराणे पुन्हा सावरले.

ह्या आपत्तीतून जमशेटजींनी जे ताडले ते महत्त्वाचे आहे. कच्चा कापूस परदेशी पाठवून त्याचे कापड परत विकत घेणारा प्रांत दुसऱ्याच्या घरच्या युद्धावर श्रीमंत होतो आणि दुसऱ्याच्या घरच्या तहावर भिकेस लागतो. त्याला स्वतःचे भाग्य नसते. मुंबईत गिरणी काढण्याचा मान कावसजी नानाभाई दावर यांचा. त्यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापून ताडदेवला पहिली कापसाची गिरणी उभारली. जमशेटजींनी १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली आणि दोनेक वर्षांत ती नफ्याने विकली. नंतर ते मुद्दाम लँकेशायरला गेले. तेथील कारखान्यांत त्यांनी यंत्रे पाहिली, कामाची पद्धत पाहिली, हिशेब पाहिले. शिष्याने गुरुगृही राहावे तसे हे राहणे होते.

परत आल्यावर सगळे मुंबईत गिरण्या काढीत असता त्यांनी नागपूर निवडले. कापूस तेथे पिकत होता, वरोऱ्याच्या खाणीचा कोळसा जवळ होता, रेल्वे येऊन पोहोचली होती आणि सूत विकत घेणारे विणकरही त्याच मुलखात होते. गिरणीसाठी घेतलेली जमीन तळ्याकाठची, दलदलीची. ती भरून काढण्यात खर्च होऊ लागला तेव्हा तेथील एका सावकाराने, हा मनुष्य सोने मातीत घालीत आहे, असे म्हणून भांडवल देण्याचे नाकारले. आणि काही वर्षांनी, त्याने माती घालून सोने काढले, अशी कबुली त्यानेच दिली, असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस’ पडले.

नाव राणीचे दिले तरी डोके मात्र स्वतःचे चालविले. लँकेशायरचा भर ‘म्यूल’ ह्या जुन्या कताई यंत्रावर होता. त्यास निष्णात कातकऱ्याची गरज लागे. अमेरिकेत निघालेली ‘रिंग’ पद्धतीची चाती अधिक वेगाने फिरे आणि ती चालविणे शिकण्यासही सोपे होते. पुरेसे कुशल कामगार नसलेल्या नागपूरला ती सोयीची ठरेल, हे जमशेटजींनी ओळखले आणि १८८० नंतरच्या दशकात तिचे प्रयोग करून ती गिरणीत बसविली. लँकेशायर पुढेही कित्येक दशके म्यूललाच चिकटून राहिले आणि त्याच्या ऱ्हासाची जी कारणे सांगितली जातात त्यांत हेही एक आहे. गुरूची विद्या घ्यावी, गुरूचा हट्ट घेऊ नये, हा विवेक थोड्यांना साधतो.

यंत्रापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे ते चालविणारा माणूस. एम्प्रेस गिरणीत हवा खेळती ठेवण्याची, आर्द्रता राखण्याची आणि आग विझविण्याची व्यवस्था करण्यात आली. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि शतक संपण्यापूर्वी अपघाताची भरपाईही सुरू झाली. अशी भरपाई देण्याची सक्ती करणारा कायदा ह्या देशात १९२३ साली झाला. थकलेला, आजारी, सतत गाव गाठणारा कामगार चांगले सूत काढू शकत नाही, हा त्यामागील रोकडा हिशेब होता. दया ही त्या हिशेबाला धरूनच होती.

इकडे इंग्लंडची भूमिका काय होती? मँचेस्टरच्या कापडवाल्यांच्या दडपणाने १८८२ पर्यंत परदेशी कापडावरील आयात जकात उठविण्यात आली. पुढे तिजोरीच्या गरजेपोटी ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरचे समाधान व्हावे म्हणून १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरणीच्या कापडावरही तेवढाच कर, अशी तराजू धरण्यात आली. स्वतःच्याच देशातील धंद्यावर परक्याच्या सोयीसाठी बसविलेला हा कर १९२६ मध्ये पूर्णपणे गेला. जमशेटजींनी त्याला विरोध केला. कुर्ल्याची एक बुडीत गिरणी १८८६ मध्ये घेऊन त्यांनी तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले, तेव्हा बंगालच्या स्वदेशी चळवळीला एकोणीस वर्षे अवकाश होता.

असे असूनही इंग्लंडविषयी त्यांच्या मनात अढी नव्हती. १८९२ मध्ये त्यांनी होतकरू तरुणांस विलायतेत उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचा निधी स्थापिला. ही मदत कर्जाऊ असे. घेणाऱ्याने कमावता झाल्यावर ती फेडावी म्हणजे पुढच्याची सोय होईल आणि कोणालाही मिंधेपण वाटणार नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले आणि लंडनजवळच्या ब्रुकवुड येथे त्यांस चिरविश्रांती देण्यात आली. पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था, खोपोलीची जलविद्युत ही त्यांची स्वप्ने त्यांच्या मागे साकार झाली.

आता पुन्हा भिवंडीकडे वळू. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमागाचे बस्तान बसविले. पुढे मुंबईच्या गिरण्यांतून काढून टाकलेले विलायती बनावटीचे माग येथे आले. स्वातंत्र्यानंतरच्या धोरणाने गिरण्यांच्या विणाईला आवर घातला आणि १९८२ च्या संपानंतर तर गिरणगावाचे काम भिवंडीकडे ओघानेच वळले. लाखो लोकांच्या मुखी ह्या मागांनी घास घातला, हे कोणी नाकारू नये. पण येथील बहुतेक कारखानदार व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणारा. कापसाच्या, सुताच्या वा कापडाच्या भावावर त्याचा काडीचा अधिकार नाही. १८६५ ची मुंबई अशीच दुसऱ्याच्या भावावर जगत होती. उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून आलेला कामगार बारा तासांची पाळी करून अनेकदा मागाच्याच शेजारी पथारी टाकतो; कानात खडखडाट आणि छातीत तंतूंची धूळ घेऊन तो गावी परततो.

लँकेशायरचा माग आपण घेतला, तो दीडशे वर्षांच्या जुन्या बनावटीसह जपला. परंतु तो माग चालविणाऱ्याची काळजी घेण्याची नागपूरची रीत मात्र शिकलो नाही. आज धोटाविरहित माग येत आहेत आणि त्यांतील बरेच पुन्हा युरोपातून, चीनमधून येत आहेत. यंत्र नवे आणि व्यवहार जुना, असेच पुन्हा घडले तर पन्नास वर्षांनी तेही भंगारात जातील आणि भिवंडी होती तेथेच राहील. सहकारी तत्त्वावर सूत घेणे, कापडाला स्वतःचे नाव देणे, कामगाराला निवारा, हवा आणि अपघातविमा देणे, ह्यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. एकोणिसाव्या शतकात, परक्या सरकारच्या अमलाखाली, दलदलीच्या जमिनीवर जे साधले, ते आपल्याच राज्यात, आपल्याच कायद्यांच्या छत्राखाली साधू नये, ह्याचे उत्तर कारखानदारांनी, व्यापाऱ्यांनी आणि शासनानेही द्यावयास हवे.