पक्ष्यांचे पारखी जॉन गूल्ड

मेलेल्या पक्ष्याच्या कातड्यात पेंढा भरून तो जिवंत असल्याचा भास निर्माण करणे, ही कला फारशी प्रतिष्ठेची मानली जात नाही. परंतु ही एकच कला हाताशी धरून एका माळ्याचा मुलगा जगातील थोर पक्षिशास्त्रज्ञांच्या पंक्तीत जाऊन बसला.

जॉन गूल्ड यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस या गावी झाला. पुढे वडिलांना विंझर येथील राजोद्यानात काम मिळाले आणि जॉनही तेथेच झाडांच्या निगराणीस लागला. शाळेतील शिक्षण बेताचेच झाले. पक्षी न्याहाळण्यात मात्र कधी खंड पडला नाही. १८२७ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने त्यांना आपल्या संग्रहालयात नेमले. दोन वर्षांनी एलिझाबेथ कॉक्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एलिझाबेथबाईंचा हात चित्रकलेत कुशल होता. हिमालयातून आलेल्या १०० पक्ष्यांवर गूल्ड यांनी ग्रंथ काढला, तेव्हा त्यातील चित्रे छपाईच्या दगडावर बाईंनीच उतरवली.

१८३७ च्या जानेवारीत चार्ल्स डार्विन यांनी आपल्या सागरप्रवासात जमवलेले पक्षी या संस्थेच्या स्वाधीन केले. त्यांत दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस असलेल्या गॅलापागोस बेटांवरील काही काळे-तपकिरी पक्षी होते. दिसण्यात ते अगदी साधे. आपल्या चिमणीने त्यांच्याहून अधिक मिरवावे! त्यांच्या चोचींत मात्र विलक्षण फरक होता. एखाद्याची चोच अडकित्त्यासारखी जाड, तर दुसऱ्याची शिंपी पक्ष्याच्या चोचीसारखी बारीक. त्यामुळे डार्विन यांनी त्यांतील काहींना फिंच, म्हणजे आखूड व निमुळत्या चोचीने दाणे फोडणारे पक्षी मानले होते, तर काहींना अगदी निराळ्या कुळांत घातले होते.

गूल्ड केवळ चोच पाहून थांबले नाहीत. शेपटीचा आखूडपणा, शरीराची घडण, पिसांची रंगसंगती हे सारे त्यांनी ताडून पाहिले आणि थोड्याच दिवसांत निर्णय दिला की, हे सर्व पक्षी एकमेकांचे सगोत्र असून त्यांचा गट जगाला आजवर अपरिचित होता. पुढे त्यांनी या गटाच्या १३ जाती ठरवल्या. आता प्रश्न उभा राहिला की, कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा? डार्विन यांनी बहुतेक फिंचांवर बेटाचे नाव लिहिलेच नव्हते! अखेर जहाजाचे कप्तान फिट्झरॉय आणि इतर सोबती यांनी जमवलेल्या पक्ष्यांवरील नोंदी त्यांना पाहाव्या लागल्या. एका जातीपासून अनेक जाती कशा उद्भवतात, या डार्विन यांच्या विचाराला गूल्ड यांच्या निर्णयांनी मोठी चालना दिली. आज शास्त्रज्ञ या पक्ष्यांना खऱ्या फिंचांच्या कुळात न धरता अमेरिकेतील टॅनेजर पक्ष्यांच्या कुळात धरतात.

१८३८ साली गूल्ड दांपत्य ऑस्ट्रेलियास निघाले. थोरला मुलगा बरोबर घेतला; तीन धाकटी मुले मात्र लंडनमध्ये ठेवावी लागली. त्या माउलीला हे किती जड गेले असेल! सुमारे दोन वर्षे पक्षी व वनस्पती यांची चित्रे काढून १८४० साली त्या परतल्या, आणि पुढच्याच वर्षी बाळंतपणानंतरच्या आजारात वयाच्या ३७ व्या वर्षी निवर्तल्या. हाती घेतलेला ग्रंथ अपुराच होता. गूल्ड यांनी दुसऱ्या चित्रकारांच्या साहाय्याने १८४८ पर्यंत त्याचे सात खंड पुरे केले.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील एका चिमुकल्या फिंचाला १८४४ साली त्यांनी आपल्या पत्नीचे नाव दिले. त्या भागात ही दोघेही कधी गेली नव्हती. हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळे पोट असा हा पक्षी आहे. बहुतेकांचे डोके काळे, काहींचे तांबडे व क्वचित एखाद्याचे पिवळे असते. त्यामुळे त्या काळच्या पक्षितज्ज्ञांनी या निराळ्या जाती मानल्या. पुढे कळले की, ही तीन रंगांची एकच जात आहे. गवताच्या बियांवर जगणाऱ्या आपल्याकडील मुनिया तुम्ही पाहिल्या असतील. हा पक्षी त्यांच्याच कुळातील आहे.

१८८१ साली गूल्ड यांचे लंडन येथे निधन झाले. न्यू गिनीच्या पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ तेव्हा अर्धाच छापून झाला होता. तो रिचर्ड बाउडलर शार्प यांनी पुरा केला.